विंडोज ९८ वर डायल-अप : किंचाळून झालं की ६९१, पासवर्ड तर बरोबर आहे!

जुनाडबा

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून इथे लिहितोय. माझ्याकडे एक जुना पेंटियम थ्री आहे, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन आणि सिरियल केबलवाला बाहेरचा ५६ के मॉडेम. आजच्या काळात हे कशाला, असं कृपया विचारू नका, घरचे रोज विचारतात तेवढं पुरे आहे.

मागच्या महिन्यात याची हार्ड डिस्क गेली. दुसरी एक जुनीच होती ती बसवली, विंडोज नव्याने टाकलं, मॉडेमचा ड्रायव्हर टाकला, नवीन डायल-अप (फोनच्या तारेवरून इंटरनेट) कनेक्शन बनवलं. इथपर्यंत सगळं झकास. कनेक्ट दाबलं की डायल टोन येतो, नंबर फिरतो, पलीकडचा (इंटरनेट कंपनीचा मॉडेम) उचलतो, मग ते आपलं नेहमीचं किंचाळणं, खरखर, आणि मग आवाज बंद. स्क्रीनवर युजर नेम आणि पासवर्ड तपासतोय असं येतं, चार-पाच सेकंद जातात आणि धाडकन एरर ६९१, म्हणजे युजर नेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे म्हणून प्रवेश नाही.

आता गंमत बघा. हाच युजर नेम, हाच पासवर्ड, हाच फोन नंबर, भिंतीतलं हेच सॉकेट, पण धाकट्या भावाच्या एक्सपीवाल्या लॅपटॉपवर त्याच्या आतल्या मॉडेमने पहिल्या फटक्यात लागतं. म्हणजे अकाउंट जिवंत आहे, पासवर्ड बरोबर आहे, लाइन बरोबर आहे. मग माझ्या डब्यालाच काय धाड भरलीये?

आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे कनेक्शनच्या खिडकीत पासवर्ड सेव्ह करायचा जो चौकोन असतो तो फिका पडलाय, त्यावर टिक होतच नाही, त्यामुळे दर वेळी पासवर्ड हाताने टाकावा लागतो. याचा आणि त्याचा काही संबंध असेल का?

करून झालेल्या गोष्टी: कनेक्शन डिलीट करून परत बनवलं, मॉडेम काढून परत टाकला, केबल बदलली, दोनदा फोन करून पलीकडच्या हेल्पलाइनवाल्याला विचारलं, तो म्हणतो आमच्याकडून सगळं ठीक आहे सर.

एकओळी

कॅप्स लॉक?

जुनाडबा

@एकओळी, नाही हो. दिवा बंद आहे. नम लॉक पण चालू आहे. हे सगळ्यात आधी बघितलं.

खडखड

माझं ऐका, हा मॉडेम गेलाय. बाहेरच्या मॉडेमचं पॉवर अडॅप्टर जुनं झालं की व्होल्टेज पडतं आणि मग तो असाच वेड्यासारखा वागतो. माझ्याकडे दोन मॉडेम असेच गेले. दुसरा मॉडेम लावा नाहीतर विंडोज परत फॉरमॅट मारून टाका, ९८ ला दर सहा महिन्यांनी फॉरमॅट लागतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तारवाला

@खडखड, मनावर घेऊ नका पण मॉडेम गेलेला नाहीये. धागाकर्त्याने उत्तर अर्धं स्वतःच लिहून ठेवलंय, फक्त ते नीट वाचायला हवं.

डायल-अप लागणं हे एका उडीत होत नाही, त्याला पायऱ्या आहेत आणि एरर नंबर म्हणजे आपण कुठल्या पायरीवर आपटलो त्याचा पत्ता. ६८० आला असता तर डायल टोनच नाही, केबल बघा. ६७६ म्हणजे एंगेज. ६७८ म्हणजे पलीकडे कुणी उचललंच नाही. ६५० म्हणजे उचललं, मॉडेम मॉडेमशी बोलले, पण त्यापुढे पलीकडचा कंप्युटर हाकेला ओ देईना. ७२० म्हणजे ओ दिली पण कुठल्या प्रोटोकॉलमध्ये बोलायचं ते जमेना. आणि ६९१ म्हणजे यातलं बरंचसं पार पडलं, दोन्ही मॉडेम जुळले, पीपीपी (फोनलाइनवर दोन कंप्युटरांनी बोलायची ठरलेली पद्धत) सुरू झालं, तुमचं नाव आणि पासवर्ड पलीकडे पोचला, पलीकडच्याने तो वाचला आणि मग नाही म्हणाला. जो मॉडेम इथपर्यंत नेतो तो मेलेला कसा असेल? खराब लाइनीवर किंवा मरायला टेकलेल्या मॉडेमवर तुम्हाला कधी हा एरर कधी तो असा बाजार दिसतो, मधेच कनेक्शन तुटतं. दर वेळी शिस्तीत ६९१ च येतोय, म्हणजे बिघाड त्याच एका पायरीवर आहे.

तेव्हा आता मॉडेमला हात लावू नका. स्पीकरही बंद करू नका, त्रास झाला तरी चालेल, आवाजावरून बरंच कळतं.

कनेक्शनच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हर टाइप्सचा टॅब उघडा. वर सर्व्हरचा प्रकार पीपीपी असायला हवा. खाली टिक करायचे चौकोन आहेत त्यातलं पहिलं, लॉग ऑन टू नेटवर्क, ते काढा. ते कंपनीतल्या एनटी डोमेनसाठी, म्हणजे ऑफिसच्या कंप्युटरांच्या जाळ्यासाठी असतं, घरच्या इंटरनेटला त्याचा उपयोग शून्य, उलट तुमचा डबा नसलेलं डोमेन शोधत बसतो आणि कनेक्ट व्हायला उगाच वेळ लागतो. अगदी खाली नेटबीईयूआय, आयपीएक्स आणि टीसीपी/आयपी असे तीन प्रोटोकॉल दिसतील, त्यातलं फक्त टीसीपी/आयपी ठेवा, बाकी दोघांना सुट्टी द्या.

मधे रिक्वायर एन्क्रिप्टेड पासवर्ड असं एक आहे. त्यावर टिक आहे का नाही ते आधी इथे येऊन सांगा, मला शंका आहे. आणि त्याच टॅबवर या कनेक्शनची लॉग फाइल ठेव असा पण चौकोन आहे, तो चालू करा, एकदा डायल करा, ६९१ येऊ द्या. मग सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये पीपीपीलॉग नावाची टेक्स्ट फाइल सापडेल. त्यात सी०२३ दिसतंय की सी२२३ एवढंच बघा. पूर्ण फाइल इथे चिकटवू नका, वाचवत नाही.

अवांतर: अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ ला डायल-अप बंद केल्यापासून असे धागे आले की पहिला प्रतिसाद "अहो, सेवाच बंद झाली असेल" असा असतो. इथे लॅपटॉपवर लागतंय म्हणजे तो प्रश्न निकालात निघाला. लॅपटॉप लावून बघितलात ते फार शहाणपणाचं केलंत, निम्मे लोक ते करत नाहीत आणि मग आठवडाभर हवेत काठ्या मारतात.

निळापडदा

पासवर्ड सेव्हचा चौकोन फिका का आहे त्याचं मी सांगतो, ते वेगळं दुखणं आहे, ६९१ शी त्याचा थेट संबंध नाही.

कंप्युटर सुरू झाल्यावर विंडोज नाव आणि पासवर्ड विचारतं ना, तिथे तुम्ही एस्केप दाबता किंवा कॅन्सल करता, बरोबर? सगळे तेच करतात कारण कॅन्सल केलं तरी ९८ बिनदिक्कत आत सोडतं, त्या लॉगिनमध्ये सुरक्षा वगैरे काही नाही. पण कॅन्सल केलं की विंडोजच्या लेखी तुम्ही कुणीच नसता. आणि तुमचे साठवलेले पासवर्ड ज्या फाइलमध्ये जातात, पीडब्ल्यूएल शेपटीवाली, ती लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने असते. माणूसच नाही तर ठेवायचं कुणाच्या नावावर, म्हणून चौकोन फिका.

उपाय सोपा आहे. रीस्टार्ट करा, लॉगिनच्या खिडकीत काहीतरी नाव टाका, पासवर्ड रिकामा ठेवलात तरी चालतो, आणि ओके दाबा. पासवर्ड रिकामा ठेवलात तर पुढच्या वेळपासून ती खिडकी बहुतेक त्रासही देणार नाही. एवढं करूनही फिकाच राहिला तर कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्कमध्ये जाऊन क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स टाकलेला आहे का बघा, नसेल तर टाका. आणि तरीही नाही तर विंडोज फोल्डरमधली ती पीडब्ल्यूएल फाइल बिघडलेली असू शकते, तिचं शेपूट बदलून ठेवा, विंडोज नवीन बनवतं. डिलीट करू नका, नाव बदला, म्हणजे परत फिरता येतं.

जुनाडबा

@तारवाला, @निळापडदा, दोघांचेही आभार, काल रात्री बसून सगळं केलं.

आधी चांगली बातमी. सुरुवातीला ओके दाबून आत गेलो आणि चौकोन काळा झाला! मी खरंच वर्षानुवर्षं एस्केप दाबत आलोय. पण जुन्या डिस्कवर तर सेव्ह होत होता, मग तिथे कुणीतरी कधीतरी व्यवस्थित लॉगिन बसवलं असणार, कोण जाणे.

लॉग ऑन टू नेटवर्क काढलं, नेटबीईयूआय आणि आयपीएक्सला घरी पाठवलं. एन्क्रिप्टेड पासवर्डवर टिक होती. मी केलेली नाही असं वाटतंय पण आता कुणाची शपथ घेऊ? लॉगमध्ये सी२२३ दिसतंय. त्याच्या आधी एकदा सी०२३ पण दिसलं, मग सी२२३ झालं. याचा अर्थ काय ते तुम्हीच सांगा.

टिक अजून काढली नाहीये, तुम्ही आधी सांगा म्हणालात म्हणून थांबलोय.

आणि हो, मॉडेम पलीकडच्याशी ११५२०० ने जोडला जातो असं मॉडेमच्या सेटिंगमध्ये दिसतं, ५६ के च्या मॉडेमला हे म्हणजे दुप्पट की हो!

तारवाला

मला जी शंका होती तेच निघतंय बहुतेक.

सी०२३ म्हणजे पॅप आणि सी२२३ म्हणजे चॅप. पासवर्ड पलीकडे सांगायच्या या दोन पद्धती. पॅप एकदम भोळा, नाव आणि पासवर्ड आहे तसा तारेवरून पाठवून देतो. चॅप जरा चलाख, त्यात पलीकडचा सर्व्हर आधी एक आकडा पाठवतो, दर वेळी नवीन, तुमचा कंप्युटर तो आकडा आणि पासवर्ड एकत्र घुसळून एमडी५ नावाच्या सूत्राने सोळा बाइटचा एक गोळा करतो आणि फक्त तो गोळा परत पाठवतो. पासवर्ड स्वतः तारेवर जातच नाही. पलीकडचा तीच घुसळण स्वतः करून बघतो, दोन गोळे जुळले तर आत या.

पण यात एक मेख आहे. पलीकडच्याला तीच घुसळण करायची तर तुमचा मूळ पासवर्ड वाचता येईल अशा रूपात त्याच्याकडे असायला हवा. जुन्या युनिक्स सर्व्हरवर पासवर्ड मूळ रूपात ठेवतच नाहीत, आधीच कुटून ठेवलेले असतात, मग त्याला चॅपची घुसळण करताच येत नाही आणि तो सरळ नाही म्हणून मोकळा होतो. तुमचा पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी!

तुमच्या लॉगमध्ये पलीकडच्याने आधी सी०२३ मागितलं म्हणजे त्याला पॅप हवा होता. तुमच्या टिकमुळे तुमच्या ९८ ने पॅपला नकार देऊन चॅप मागितला. पलीकडचा भिडस्त, हो म्हणाला, आणि मग अडकला. एक्सपीमध्ये इंटरनेटचं कनेक्शन बनवलं की साधा पासवर्ड चालेल असंच सेटिंग येतं, म्हणून भावाचं लागतं. सगळं बसतंय. टिक काढा, डायल करा आणि आनंदाची बातमी द्या.

११५२०० चा आनंद मात्र इथेच आवरा. तो तुमच्या कंप्युटरपासून तुमच्या मॉडेमपर्यंतच्या सिरियल केबलचा वेग आहे, टेबलावरच्या दोन हातांचा. मॉडेम ते मॉडेम म्हणजे बाहेरच्या तारेवरचा वेग वेगळा, व्ही.९० या ५६ के मॉडेमच्या मानकात येताना कागदावर ५६ के आणि जाताना ३३.६ के, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो.

अवांतर: चॅप ज्या आरएफसीत (इंटरनेटचे नियम लिहिलेला नंबरवाला दस्तऐवज) आहे तिचा नंबर १९९४, पण ती निघाली १९९६ साली. आणि पीपीपीची मूळ १६६१ नंबरची आरएफसी मात्र १९९४ ची. यावरून मी एकदा एका मित्राशी तासभर भांडलोय.

खडखड

चला, पॅपचॅप आलं. मी अजून म्हणतो पॉवर अडॅप्टर बघा.

जुनाडबा

टिक काढली. लॉगमध्ये आता फक्त सी०२३. आणि एरर...

६९१.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा ६९१. पासवर्ड एकेक अक्षर करून, एका बोटाने, जोरजोरात म्हणत टाकला, घरचे बघायला आले. मग लगेच तोच कागद घेऊन भावाच्या लॅपटॉपवर टाकला, पहिल्या फटक्यात आत.

आता मी फॉरमॅट मारायच्या विचारात आहे. @खडखड, तुम्ही जिंकलात.

तारवाला

थांबा, फॉरमॅट नको. पण खरं सांगतो, आता मी पण चक्रावलोय. पॅपमध्ये सर्व्हर तुमचा पासवर्ड जसाच्या तसा वाचतो आणि मग नाही म्हणतो. म्हणजे तुमच्या डब्यातून जे निघतंय ते आणि लॅपटॉपमधून जे निघतंय ते एकच नाहीये. पण दोन्हीकडे टायपणारा एकच.

कनेक्शनच्या मॉडेम सेटिंगमध्ये ऑप्शन्सच्या टॅबवर, डायल झाल्यावर टर्मिनल खिडकी उघड, असा पर्याय आहे. तो चालू करून बघा. खिडकीत लॉगिन असं विचारलं तर तिथेच नाव आणि पासवर्ड टाका आणि एफ७ दाबा. पण नुसता महिरपी कंसांचा वगैरे कचरा सांडायला लागला तर पलीकडचा थेट पीपीपी बोलतोय, मग या खिडकीचा उपयोग नाही.

एकओळी

नोटपॅड उघडा. त्यात पासवर्ड टाईप करा. तिथे तर चांदण्या येत नाहीत. जे दिसतंय ते कागदाशी ताडून बघा.

(इथे चिकटवू नका म्हणजे झालं.)

जुनाडबा

@एकओळी, कुठे आहात तुम्ही, पाय दाखवा!!

सांगतो, सगळं सांगतो. टर्मिनलमध्ये कंसांचा कचराच आला, म्हणून ते सोडून नोटपॅड उघडलं. पासवर्ड टाईप केला. माझ्या पासवर्डमध्ये एक ॲटचं चिन्ह आहे, हो तेच ईमेलमधलं. शिफ्ट आणि दोन दाबलं आणि स्क्रीनवर काय आलं तर दुहेरी अवतरणचिन्ह. मला वाटलं बोट चुकलं. परत दाबलं, परत अवतरण. मग शिफ्ट आणि तीन दाबून बघितलं तर हॅशच्या जागी ब्रिटिश पाउंडचं चिन्ह! आणि ॲट कुठे लपलाय तर एंटरच्या बाजूला, जिथे की वर अवतरण छापलंय त्या की वर. दोघांनी घरं बदलली आहेत.

मग आठवलं. विंडोज टाकताना मी तारीख आधी दिवस मग महिना अशी दिसावी म्हणून ब्रिटिश इंग्रजी निवडलं होतं, आणि त्याच ओघात की-बोर्डचं लेआउट पण ब्रिटिश होऊन बसलं. की-बोर्ड मात्र अमेरिकन छापाचा. अक्षरं आणि आकडे दोन्हीत सारखेच असल्यामुळे महिनाभर काही कळलंच नाही, युजर नेम नुसत्या अक्षरांचा त्यामुळे तो डोळ्यांना बरोबर दिसायचा, आणि पासवर्डच्या चौकोनात सगळ्याच चांदण्या. चांदणीच्या आत अवतरण आहे का ॲट ते कोण बघणार? मी महिनाभर दर वेळी मन लावून, काळजीपूर्वक, चुकीचा पासवर्ड टाकत होतो.

कंट्रोल पॅनेल, की-बोर्ड, लँग्वेजचा टॅब, तिथे लेआउट बदलून अमेरिकन केलं. विंडोजची सीडी मागितली, दिली. डायल केलं. किंचाळणं, खरखर, तपासतोय तपासतोय... आणि खाली उजव्या कोपऱ्यात ते दोन छोटे कंप्युटर लुकलुकायला लागले. सांगू शकत नाही काय वाटलं ते.

तारवाला

साष्टांग दंडवत @एकओळी. मी पॅप चॅप आरएफसी सगळं काढून बसलो आणि तुम्ही नोटपॅड उघडा म्हणालात. बघा ना, मीच लिहिलं होतं की सर्व्हरने पासवर्ड वाचला आणि नाही म्हणाला, आणि तरी मी सर्व्हरलाच दोषी धरत होतो. तो बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.

एन्क्रिप्टेडची टिक मात्र तशीच काढलेली ठेवा, पलीकडच्याला पॅप हवाय तर पॅप द्या. टिक परत लावून चॅपने लागतं का तेही कधीतरी बघा, मला उत्सुकता आहे, माझ्या थिअरीचं पूर्णच श्राद्ध घालायचं का अर्धं ते ठरवता येईल.

एकओळी

माझंही असंच झालं होतं.

जुनाडबा

अहो मंडळी परत गडबड. मघाशी दहा मिनिटं मस्त चालू होतं, मग आतल्या खोलीत कुणीतरी दुसरा फोन उचलला, कानात खर्रर्र ऐकून घाबरून ठेवला, पण तेवढ्यात माझं कनेक्शन तुटलं. लगेच परत डायल केलं तर परत ६९१! नोटपॅडमध्ये बघितलं, ॲट जागेवर आहे. आता पासवर्ड सेव्ह पण केलेला आहे. दोनदा केलं, दोनदा तेच. आता काय उरलं?

निळापडदा

घाबरू नका, हा ६९१ वेगळा. काही करू नका, पंधरा-वीस मिनिटं फोनला हात लावू नका आणि मग डायल करा.

तुम्ही डिसकनेक्ट दाबून बाहेर पडता तेव्हा तुमचा कंप्युटर पलीकडे रीतसर निरोप घेतो. फोन उचलल्यामुळे तुटलं तेव्हा निरोप झालाच नाही, तुमचा मॉडेम बाजूला झाला पण पलीकडच्या नोंदवहीत तुम्ही अजून आतच बसलेले असू शकता. आणि बहुतेक ठिकाणी एका अकाउंटवर एका वेळी एकच माणूस असा नियम असतो. मग तुम्ही परत दार वाजवलं की तो म्हणतो, हे तर आधीच आत आहेत, तुम्ही कोण? आणि त्याच्याकडे यासाठी वेगळा एरर नाही, तो तोच ६९१ फेकतो. जुनी नोंद पुसली गेली की आपोआप आत घेईल. त्या वेळात पाच-पाच मिनिटांनी ठोकत राहू नका, काही ठिकाणी सारखं नाकारलं गेलं की अकाउंटच थोडा वेळ बंद करतात, मग आणखी एक ६९१.

भावाने त्याच वेळी लॅपटॉपवरून लावून बघितलं तर त्यालाही ६९१ येईल, तेवढी एक खात्री करून घ्या हवं तर. पण एकदाच.

आणि कुणी फोन उचलल्यावर लगेच तुटू नये म्हणून एक जुगाड आहे. मॉडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कनेक्शनच्या टॅबवर ॲडव्हान्स्ड दाबलं की जास्तीच्या सेटिंगची एक रिकामी ओळ असते, तिथे एस१०=५० असं टाका, अर्थात इंग्रजी एस आणि इंग्रजी आकडे. पलीकडचा आवाज हरवल्यावर मॉडेमने फोन ठेवायच्या आधी किती थांबायचं ते हा आकडा ठरवतो, सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणजे ५० लिहिलं की पाच सेकंद. कुणी उचलून लगेच ठेवला तर बऱ्याचदा निभावतं. गप्पा मारायला बसले तर मात्र देवही वाचवू शकत नाही.

खडखड

आतल्या खोलीतल्या फोनची वायर काढून ठेवा की सरळ.

जुनाडबा

@खडखड, तुमचा पहिला सल्ला जो मी विनातक्रार अमलात आणला :) वायर काढली आहे, घरात यावरून वातावरण तंग आहे.

लॅपटॉपवर खरंच ६९१ आला. वीस मिनिटं चहाच्या नावाखाली बाहेर बसलो, मग डायल केलं, आत. एस१० पण टाकून ठेवलंय.

@तारवाला, टिक लावून चॅपने पण बघितलं, लागलं! एकदम व्यवस्थित. म्हणजे पूर्णच श्राद्ध घाला.

आता फक्त एवढंच की जवळजवळ कुठलीच साइट उघडत नाहीये, ब्राउझर पाच नंबरचा एक्स्प्लोरर आहे, पान दाखवता येत नाही म्हणतो. मेलचा प्रोग्राम मात्र चालतोय आणि मला खरं तर तेवढंच हवं होतं.

तारवाला

ते लॉगिनचं नाही. आजच्या साइट्स एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) मागतात आणि त्यासाठी जे टीएलएस नावाचं कुलूप लागतं ते तुमच्या एक्स्प्लोररच्या जन्मानंतरचं आहे, त्यामुळे त्या दोघांची ओळखच पटत नाही. साध्या एचटीटीपीवर चालणाऱ्या साइट्स उघडतील. त्याच्यासाठी मधे एक प्रॉक्सी (तुमच्या वतीने साइट आणून देणारा दुसरा कंप्युटर) बसवून काम भागतं, पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे मला थोडा वेळ दुःखात बसू द्या.